राणीच्या सिनेमात शिट्ट्या दरोडेखोराला

परवा रविवारी दुपारी जेवणं उरकून सगळे जरा टेकले होते, तर टीव्हीवर 'रुद्रमादेवी' लागला. अव्वा पलंगावर बसून लसूण सोलत होत्या. थोरली हैदराबादहून दोन दिवसांसाठी आली होती. तिनं दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, "आई, हा तोच ना, ज्याच्यावरून आपल्या घरात भांडण झालं होतं?"

तोच. आणि वाचकहो, इतक्या वर्षांनी पुन्हा पाहतानाही मला तितकाच राग आला. फरक एवढाच, की तेव्हा राग कशाचा आला ते नीट सांगता आलं नव्हतं. आता सांगता येईल असं वाटतं, म्हणून आजचा लेख.

सिनेमा लागला ९ ऑक्टोबर २०१५ ला. तेव्हा मंचेरियल आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. आमचा वेगळा जिल्हा पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०१६ मध्ये झाला. तेलंगण राज्य होऊन सव्वा वर्ष उलटलं होतं. नव्या राज्याच्या मुद्रेवर चारमिनार आहे आणि त्याच्याभोवती वरंगळच्या काकतीयांची दगडी कमान. त्याच काकतीयांच्या राणीवर सिनेमा येतोय म्हटल्यावर इथे केवढं कौतुक! सरकारनं करमणूक कर माफ केला. दिग्दर्शक गुणशेखर यांनी स्वतःचाच पैसा घातलेला. संगीत इळैयाराजांचं, सेट तोटा तरणींचे, आणि राणी झालेली अनुष्का शेट्टी म्हणजे मंगळूरकडची पोर. म्हणजे आमच्या अव्वांच्या लेखी घरचीच. प्रकाश राज मंत्री शिवदेवय्या झाले आहेत, तेही बंगळूरचे. अव्वा म्हणाल्या, "अर्धा सिनेमा आपलाच आहे, मला न्याच." गुडघे दुखत असताना जिना चढून बाल्कनीत बसल्या. सिनेमा थ्रीडी होता, पण आम्ही गेलो तिथे चष्मे नव्हते. सपाटच पाहिला.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. काकतीय राजा गणपतिदेवाला मुलगा नाही. मुलगी झाली हे कळलं तर भाऊबंद आणि शेजारचे राजे गादीवर टपून बसतील, म्हणून मंत्र्याच्या सल्ल्यानं मुलीला मुलगा म्हणून वाढवतात. नाव रुद्रदेव. पुढे राजपुत्राचं वय झालं, लोक लग्नाचं विचारायला लागले, तेव्हा त्याचं मुक्तांबेशी लग्न लावून देतात. दुसरीकडे रुद्रदेवाचा मित्र चालुक्य वीरभद्र एका अनोळखी सुंदरीवर भाळतो. ती सुंदरी म्हणजे घटकाभर बाईच्या वेशात वावरायला मिळालेला हाच रुद्रदेव!

बघा, कसा त्रिकोण आहे. एरवी सिनेमात दोन पुरुष नि एक बाई, नाहीतर दोन बाया नि एक पुरुष. इथे एकच माणूस एकीचा नवरा आहे आणि एकाची प्रेयसी आहे, आणि दोघांनाही खरं सांगायची सोय नाही. आपल्याकडच्या नाटकमंडळ्यांना हा प्रसंग मिळाला असता तर त्यांनी पहाटेपर्यंत रंगवला असता. पुरुषांनी बायका होऊन आपल्या आज्यांना रडवलेलं आहे. बाईनं पुरुष होऊन राज्य चालवायचं म्हणजे काय, हे दाखवायला त्यांनी चार पदं जास्तच घातली असती. मला वाटलं होतं की मुक्तांबेला सत्य कळेल तो प्रसंग म्हणजे या सिनेमाचं काळीज असेल. लग्न करून आलेली मुलगी. जिच्याशी लग्न लागलं तो पुरुषच नाही. रागवायचं म्हटलं तर कोणावर? आणि सांगायचं म्हटलं तर राज्य बुडणार. नित्या मेनन चांगली नटी आहे, डोळ्यांत सगळं आणते. पण सिनेमाला घाई. तिला पटकन समजूतदार करून बाजूला बसवलं आणि गाणं लावलं.

वीरभद्राचंही तसंच. आपला जिवलग मित्र आणि आपल्या मनातली बाई एकच आहे हे कळल्यावर माणूस आधी संतापेल, मग लाजेल, मागचं एकेक बोलणं आठवून अंग चोरेल. राणा दग्गुबाती इतका धिप्पाड माणूस, पण त्याला नुसतं उभं केलं आहे.

मग सिनेमात वेळ जातो कुठे? गोन गन्नारेड्डीकडे. हा बंडखोर सरदार, दरोडेखोर म्हणून वावरणारा, मनातून राणीच्या बाजूचा. अडवि बापिराजू यांच्या 'गोन गन्नारेड्डी' या तेलुगू कादंबरीनं तो वाचकांच्या घराघरांत पोचला. सिनेमात तो झालाय अल्लू अर्जुन, आणि बोलतो अस्सल तेलंगणी बोलीत. ही बोली इतकी वर्षं तेलुगू सिनेमात गुंडाला नाहीतर विदूषकाला दिलेली. ती नायकाच्या तोंडी आली म्हणून आमच्या थिएटरात जो कल्ला झाला, तो मला पूर्ण समजतो. आपल्या बोलीचा मान काय असतो ते सीमेवरच्या माणसाला कोणी शिकवायला नको. मीही टाळी वाजवली, खोटं कशाला बोलू? पण इंटरव्हलनंतर माझ्या लक्षात आलं, की तो पडद्यावर आला की लोक जागे होतात आणि राणी आली की शेंगा सोलतात. राणीच्या नावाचा सिनेमा, राणीच्या नावानं करमाफी, आणि शिट्ट्या सगळ्या दरोडेखोराला.

त्यात तीनच महिने आधी, जुलैमध्ये, 'बाहुबली'चा पहिला भाग येऊन गेला होता. तोच राणा, तीच अनुष्का. तिथे साखळदंडात बांधलेली, काटक्या वेचणारी अनुष्का थोडा वेळच दिसते, पण तिची नजर लोकांनी घरी नेली. इथे पूर्ण सिनेमा तिच्या खांद्यावर असून तिला कपडे बदलण्यापलीकडे फारसं काम नाही. लढाईची कॉम्प्युटरवर केलेली दृश्यंही 'बाहुबली'पुढे कच्ची वाटली. पण ते मी माफ करते. पैसा ज्याचा त्याला ठाऊक.

आता भांडणाकडे येते.

या सिनेमातला मोठा खलनायक कोण, तर देवगिरीचा महादेव. म्हणजे यादव! आपला! पडद्यावर 'देवगिरी' हा शब्द आला तशी मी सावरून बसले. भालकीच्या मराठी शाळेत यादवांचा धडा पाठ केलेली मी. तर हा माणूस डोळे वटारतो काय, गडगडाटी हसतो काय. अव्वांनी कोपरानं ढोसलं. "हा तुमचाच ना?" मी म्हटलं, "अव्वा, यादव कानडीच. त्यांचे जुने शिलालेख बघा, कितीतरी कानडीत आहेत. मराठी मागाहून आली." अव्वा म्हणाल्या, "शिलालेख आमचे असतील. हा डोळे वटारणारा तुमचा." मागच्या रांगेतून कोणीतरी शुक् शुक् केलं. आमचे हे तर दुसरीकडे बघत बसले, जणू आमच्याबरोबर आलेच नव्हते.

तेव्हा हसण्यावारी नेलं, पण मला ते लागलं होतं. कानडी म्हणा की मराठी म्हणा, आपल्या दोन्ही घरांचा एक राजा पहिल्यांदा इतक्या मोठ्या पडद्यावर पाहिला, तो असा. घरी आल्यावर मी पुस्तकं काढली, वाचनालयातून आणखी आणली, आणि तिथे जे सापडलं ते सिनेमात असतं तर मी दहा वेळा पाहिला असता.

रुद्रमेचं आणि यादव महादेवाचं युद्ध झालं हे खरं. पण ते दोन दरबारांत दोन तऱ्हांनी सांगितलं गेलं. तेलुगू 'प्रतापरुद्रचरित्र' म्हणतं, राणीनं महादेवाचा पराभव केला, देवगिरीपर्यंत पाठलाग केला आणि जबर खंडणी घेतली. आणि देवगिरीचं म्हणणं कोणी लिहून ठेवलं आहे? हेमाद्रीनं! म्हणजे आपल्या हेमाडपंतानं. ज्याच्या नावानं आपण प्रत्येक जुन्या दगडी देवळाला हेमाडपंती म्हणतो, तोच. त्याच्या 'चतुर्वर्गचिंतामणी'तल्या राजप्रशस्तीत असं येतं, की महादेवानं तेलंग राजाचे हत्ती आणि पाच वाद्यं हिरावून घेतली, पण रुद्रमेला मात्र बाई म्हणून मारलं नाही, सोडून दिलं.

हे वाचल्यावर मला इतकं हसू आलं, की यांनी विचारलं काय झालं. अहो, खरोखर जिंकला असता तर खंडणी सांगितली असती, मुलूख सांगितला असता. हत्ती आणि वाजंत्री घेऊन घरी आलेला माणूस म्हणतोय, बाई होती म्हणून सोडलं! आपल्या गल्लीतसुद्धा कॅरममध्ये बहिणीकडून हरलेला भाऊ असंच म्हणतो. अर्थात तेलुगू ग्रंथही पुष्कळ नंतरचा, आणि तोही आपल्याच राणीची बाजू घेणार. दोन्हीकडचं वजा करून जे उरतं ते असं, की महादेवाचं राज्य वरंगळपर्यंत पोचलं नाही, आणि रुद्रमेच्या सरदाराचा, सिंद घराण्यातल्या भैरवाचा, शिलालेख थेट आपल्या बिदरच्या किल्ल्यात सापडला. बिदरकरांनो, किल्ल्यात फिरायला जाता तेव्हा बहमनींच्या आधी इथे एका बाईचा अंमल पोचला होता हे मुलांना सांगत जा.

मग मार्को पोलो. तो व्हेनिसचा प्रवासी तेराव्या शतकाच्या शेवटी या किनाऱ्याबद्दल लिहून गेला. मोटुपल्ली बंदराच्या राज्यावर एक राणी आहे, न्यायी आहे, शहाणी आहे, असं तिचं भरभरून कौतुक करतो. आणि सांगतो की ती राजाची विधवा, नवऱ्यामागे राज्य चालवते. होती ती मुलगी! गादीवर बाई बसली आहे म्हणजे ती कोणाची तरी विधवाच असणार, अशी त्या बिचाऱ्याची समजूत. तिच्या स्वतःच्या घरचे लोकही काही वेगळे नव्हते. तिच्या काळच्या लेखांत तिचं नाव 'रुद्रदेव महाराज' असं पुरुषी येतं. म्हणजे एक म्हणतो, बाई म्हणून सोडली. दुसरा म्हणतो, राजाची बायको. घरचे म्हणतात, मुलगाच समजा. सातशे वर्षांनी गुणशेखर आले. त्यांच्याकडे कॅमेरा होता, पैसा होता, अनुष्का होती. त्यांनी तिला एका देखण्या दरोडेखोराच्या भरवशावर सोडून दिलं.

माझी खरी तक्रार ही आहे. वेष बदलण्याची गंमत म्हणजेच तिची गोष्ट, असं सिनेमानं धरलं. ती मुलगी आहे हे जाहीर झालं, महादेव हरला, झालं, पडदा पडला. पण तिची गोष्ट तर तिथून सुरू होते! बाप गणपतिदेवाचा काळ साधारण १२६२ ला संपला आणि हिनं १२८९ पर्यंत राज्य केलं. सत्तावीस वर्षं. बापानं सुरू केलेली वरंगळची दगडी भिंत हिनं उंच करून पुरी केली, बाहेरून मातीचा कोट आणि खंदक घातला. तीन मुली झाल्या, मुलगा नाही. म्हणजे बापापुढचा प्रश्न पुन्हा हिच्यापुढे आला. हिनं मुलीला मुलाचे कपडे घातले नाहीत. मुलीच्या मुलाला, प्रतापरुद्राला, वारस केलं. आणि नवरा वीरभद्र? ज्याच्यासाठी सिनेमात एवढं चांदणं सांडलं आहे, त्याच्याबद्दल इतिहासात फारसं काही ऐकूच येत नाही.

किती सिनेमे निघाले असते यातून. अव्वा लहानपणी तंबूतल्या सिनेमात 'कित्तूर चेन्नम्मा' पाहिल्याचं सांगतात. तो १९६१ चा, बी. आर. पंतुलूंचा. बी. सरोजादेवी राणी आणि राजकुमार राजा. अव्वांचं म्हणणं असं, "राजकुमार म्हणजे तेव्हा देव. पण त्या सिनेमात देवसुद्धा बाजूला सरकून उभा राहिला. आपला सिनेमा नाही हे त्याला ठाऊक होतं." मी एवढी पुस्तकं उलटून जे शोधत होते, ते अव्वांनी लसूण सोलता सोलता सांगून टाकलं.

त्या वर्षी थोरली नववीत होती. सिनेमा सुटल्यावर आम्ही रिक्षा न करता स्टेशनच्या बाजूनं चालत निघालो. मध्येच ती बापाला म्हणाली, "बाबा, तुम्ही सगळ्यांना सांगता ना, 'इवळे नन्न मग', हीच माझा मुलगा. का सांगता?"

हे तेव्हा खाणीत ओव्हरमन होते. आमच्या कॉलनीत दोन मुलींचा बाप म्हणजे लोक हळहळायचे. एक मुलगा असता तर बापाच्या जागी लागला असता, हे वाक्य मी हळदीकुंकवालासुद्धा ऐकलेलं आहे. तर हे असं कोणी म्हणालं, की थोरलीच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, हीच माझा मुलगा. लोक गप्प व्हायचे. मला ते फार आवडायचं. यांच्या मनात कौतुकच होतं हे मी शपथेवर सांगेन.

"म्हणजे मी मुलगी म्हणून पहिली आले तर ते मुलाच्या खात्यात का जमा करायचं?" ती म्हणाली. चौदा वर्षांची पोर. हे काही बोलले नाहीत. मालगाडी चालली होती, कोळशाची, तिच्या आवाजात बोलणं शक्यही नव्हतं. गाडी लांबलचक होती, पण केव्हातरी संपली, तरी हे बोलले नाहीत. अव्वाच म्हणाल्या, "होगली बिडु, सिनेमाच आहे."

त्या डिसेंबरात आम्ही वरंगळला गेलो. काझीपेठपर्यंत गाडी, पुढे रिक्षा. किल्ल्यातल्या त्या चार कमानी तुम्ही चित्रात पाहिल्या असतील. प्रत्यक्षात त्यांच्या मधल्या मैदानात मोडलेल्या देवळाचे दगड पसरलेले आहेत, आणि उन्हात फिरताना कुठला दगड कशाचा हे कळत नाही. थोरलीला राणी पाहायची होती. तिनं स्वयंभू शिवाच्या देवळाला बांधलेल्या रंगमंडपाच्या कोरीवकामात सिंहावर बसलेली एक वीर स्त्री आहे, हातात कट्यार आणि ढाल. तिचा संबंध अभ्यासक राणीच्या 'रायगजकेसरी' या बिरुदाशी जोडतात. शत्रुराजे हत्ती, तर ही सिंह. शिल्पात बाईला बाईसारखं कोरलं आहे. पुरुषाचा पोशाख नाही, काही लपवलेलं नाही. थोरली त्यापुढे बराच वेळ उभी होती. धाकटी म्हणाली भूक लागली.

आणखी एक दगड आहे, तो आम्ही पाहिलेला नाही, नलगोंडा जिल्ह्यात चंदुपट्ल गावी आहे. नोव्हेंबर १२८९ चा. त्यात पुव्वुल मुम्मडी नावाचा एक साधा सेवक सांगतो, की काकती रुद्रमा महादेवी आणि सेनापती मल्लिकार्जुन नायक शिवलोकाला गेले, त्यांना पुण्य लाभावं म्हणून मी देवाला जमीन दिली. राणी आणि तिचा सेनापती एकदमच गेले, म्हणून ती बंडखोर अंबदेवाशी लढताना रणात पडली असावी असा तर्क करतात. तेव्हा ती म्हातारी असणार. (पुढच्याच वर्षी, शके १२१२ मध्ये, इकडे नेवाशात ज्ञानेश्वरी पुरी झाली. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या इतक्या शेजारी असतील असं मला कधी वाटलं नव्हतं.) त्या सेवकानं तिला महाराज म्हटलेलं नाही, देव म्हटलेलं नाही. रुद्रमा महादेवी म्हटलं आहे. म्हातारी राणी घोड्यावर आणि शेजारी तिच्याच वयाचा सेनापती, एवढं दृश्य जरी सिनेमात असतं ना, तर गन्नारेड्डीच्या सगळ्या शिट्ट्या मी माफ केल्या असत्या.

तर परवा हा सगळा विषय पुन्हा निघाला. टीव्हीवर महादेव आला तशी अव्वांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि दोघी हसलो. शेवटची लढाई चालू असताना थोरली बॅग भरायला उठली. संध्याकाळची गाडी होती.

स्टेशनवर सोडायला हे आणि मी गेलो. हे आता रिटायर झाले आहेत, पण थोरलीची बॅग अजून दुसऱ्याला उचलू देत नाहीत. फलाटावर यांचे खाणीतले जुने सोबती भेटले, मुलाला सोडायला आले होते. विचारपूस झाली. थोरली कुठे असते, काय करते, घरी पैसे पाठवते का, सगळं झालं. मग ते गृहस्थ अगदी मनापासून म्हणाले, "तुमचं बरं आहे. हा तुमचा मुलगाच म्हणायचा."

यांनी बॅग खाली ठेवली. "मुलगी आहे," म्हणाले. "थोरली." आणि गाडी किती लेट आहे ते बघायला बोर्डाकडे गेले.